अंधाऱ्या खोलीबाहेरचे काम

नेत्रतज्ज्ञाचा व्यवसाय तसा एकट्याचा आहे. खोलीतले दिवे मालवलेले असतात, रुग्णाची हनुवटी स्लिट लॅम्पच्या टेकूवर असते आणि डॉक्टरच्या नजरेसमोर प्रकाशाची एक अरुंद पट्टी व त्या पट्टीत उजळलेला डोळ्याचा तुकडा असतो. एका वेळी एक रुग्ण, आणि त्याचाही एका वेळी एकच डोळा. तिथे जे दिसते ते फार बारकाईने दिसते, पण ते फार थोडे असते. असाच डोळा गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या कोणाच्या पाहण्यात आला का, हेच औषध दिल्यावर असाच त्रास आणखी कोणाच्या रुग्णाला झाला का, हे त्या खोलीत बसून कळण्याची सोय नसते. नेत्रतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेकडे मी पाहतो ते या अडचणीच्या बाजूने.

बाहेरच्या माणसाला संघटना दिसते ती अधिवेशनात. गळ्यातले ओळखपत्र, खांद्यावरची नवी पिशवी, उद्घाटनाची लांबलेली भाषणे, कार्यकारिणीच्या निवडणुकीतली चुरस. आतल्यांपैकीही अनेकांचा संबंध वर्गणी भरणे, सभासदत्वाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणे आणि वर्षाकाठी जुन्या सोबत्यांना भेटून येणे एवढ्यापुरताच असतो. त्यात वावगे काही नाही. माणसे एकत्र जमली की थोडे मिरवणे आलेच. मात्र ज्या कामासाठी ही माणसे मुळात एकत्र आली ते काम उपसमित्यांच्या इतिवृत्तांत, नोंदणीच्या तक्त्यांत, परीक्षकांच्या गुणपत्रिकांत आणि कितव्यांदा तरी दुरुस्त केलेल्या मसुद्यांत चाललेले असते. ते इतके रूक्ष असते की त्यावर कोणी भाषण करीत नाही.

त्या कामाचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग हे सिडनीतले नेत्रतज्ज्ञ. १९४१ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे नेहमीपेक्षा जास्त येऊ लागली. मोतीबिंदूही ओळखीचा नव्हता: मध्यभागी दाट पांढरा, बहुधा दोन्ही डोळ्यांत. बाळे अशक्त, दूध नीट न पिणारी, आणि अनेकांच्या हृदयात दोष. बाहेर बसलेल्या आयांचे आपसांतले बोलणे ग्रेग यांच्या कानावर पडले. गरोदरपणाच्या सुरुवातीला आपल्याला जर्मन गोवर (रुबेला) झाला होता, असे त्या एकमेकींना सांगत होत्या. आदल्या वर्षी तिथे त्या आजाराची मोठी साथ येऊन गेलेली होती.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, कारण कान उघडे ठेवणारा चाणाक्ष डॉक्टर हा सांगायला सोपा नायक आहे. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ग्रेग यांच्या स्वतःच्या खोलीत आलेली बाळे मूठभर होती आणि मूठभर बाळांवरून काहीच सिद्ध होत नाही. योगायोग म्हणून कोणीही ते बाजूला सारले असते. त्यांनी इतर समव्यावसायिकांकडे विचारणा केली: तुमच्याकडे अशी बाळे आली का, आणि त्यांच्या आयांना काय झाले होते? उत्तरे आली, आणि सगळी मिळून ७८ बाळांची हकिगत एका कागदावर उतरली. त्यांपैकी ६८ जणांच्या आईला गरोदरपणात जर्मन गोवर होऊन गेल्याचे निघाले. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञांच्या तेव्हा अगदी नव्या असलेल्या संघटनेसमोर, त्यांनी हा निबंध वाचला आणि संघटनेच्याच कार्यवृत्तात तो छापला गेला. जन्मजात व्यंग हे रक्तातूनच येते, ही तोवरची सर्वसाधारण समजूत होती. आईला झालेला एक किरकोळ ताप-पुरळ पोटातल्या बाळाचा डोळा, हृदय आणि कान बिघडवू शकतो, हे पटायला जगाला काही वर्षे लागली. ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने जुन्या जनगणनांतील कर्णबधिरांच्या नोंदी तपासून १९५१ साली ग्रेग यांच्या म्हणण्याला बळकटी दिली, आणि १९६९ पासून लस उपलब्ध झाली. ग्रेग यांनी आयांचे बोलणे ऐकले नसते तर शोध लागला नसता, हे खरेच. पण त्यांना विचारायला समव्यावसायिक नसते आणि सांगायला व्यासपीठ नसते, तर ते ऐकलेले बोलणे त्यांच्या खोलीतच विरले असते.

अशा व्यासपीठांचा इतिहास फार जुना नाही. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोप या डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच नजरेस पडला. एकदा तो दिसू लागल्यावर प्रश्न असा आला की मला दिसते आहे तेच तुम्हालाही दिसते आहे का, आणि आपण दोघे त्याला एकाच नावाने ओळखतो आहोत का. अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांच्या पुढाकाराने १८५७ साली हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची जी बैठक भरली तिच्यातून जर्मन संघटना उभी राहिली. ती या प्रकारच्या संघटनांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. ब्रिटनमधली संघटना १८८० साली विल्यम बोमन यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली, फ्रान्समधली १८८३ साली, भारतातली १९३० साली. घटना, पदाधिकारी, वार्षिक सभा, कार्यवृत्त हा साचा सगळीकडे जवळपास सारखाच आहे.

हायडेलबर्गच्या सभेतला एक प्रसंग या साच्याची ताकद दाखवतो. कार्ल कोलर हा व्हिएन्नातला तरुण डॉक्टर. कोकेनचे थेंब घातले की डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, हे त्याच्या लक्षात आले. तोवर डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे जागा, वेदनेने तळमळणारा रुग्ण आणि त्याला धरून ठेवणारी माणसे, असा प्रकार होता. सर्वांगाला भूल द्यावी तर ओकारी आणि खोकल्याने नुकताच कापलेला डोळा धोक्यात येई. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला सभा होती, पण प्रवासाचा खर्च कोलरला परवडणारा नव्हता. त्याचा छोटासा निबंध जोसेफ ब्रेटाउअर यांनी १५ सप्टेंबरला वाचून दाखवला आणि उपस्थितांसमोर प्रयोगही करून दाखवण्यात आला. काही आठवड्यांतच ही बातमी अटलांटिकच्या पलीकडे पोहोचली आणि तिथल्या शस्त्रक्रियागृहांत तिचा वापर सुरू झाला. ज्याच्या खिशात गाडीभाड्याचे पैसे नव्हते त्याचे म्हणणे त्या विषयातल्या सर्वश्रेष्ठ मंडळींनी ऐकून घेतले, पारखले आणि लगोलग स्वीकारले. संघटनेकडून याहून जास्त काय मागावे?

तथापि दर वेळी असे घडत नाही, आणि न घडल्याची कहाणी सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेऐवजी वापरलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे शिरूनही डोळा खवळत नाही, हे त्यांनी पाहिलेले होते. भिंगाचे साहित्य त्या निरीक्षणातून निवडले गेले. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रपरिषदेत त्यांनी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सोबत आणले. त्या काळातल्या सर्वांत वजनदार ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने त्या रुग्णांना तपासायलाही नकार दिला, असे रिडलींच्या चरित्रात येते. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या सभेतही त्यांना कडाडून विरोध झाला. डोळ्यातून परका पदार्थ काढणे हे आपले काम, तो आत घालणे नव्हे, असा एकूण सूर होता.

विरोधकांना सरसकट मूर्ख ठरवणे सोपे आहे आणि अन्याय्यही. रिडलींची सुरुवातीची भिंगे जड होती, काही जागेवरून सरकली, काही डोळ्यांत तीव्र दाह झाला, काहींत काचबिंदू उद्भवला. ते मूळ भिंग पुढे सोडूनच द्यावे लागले आणि नव्या घडणीची भिंगे यायला बराच काळ जावा लागला. नव्या गोष्टीला लगाम घालणे हेही संघटनेचे कर्तव्य आहे. माझा आक्षेप लगामावर नाही, तो कशाच्या जोरावर खेचला गेला यावर आहे. किती डोळ्यांत भिंग घातले, किती डोळे बिघडले, किती वर्षे टिकले, याचा सर्वांच्या शस्त्रक्रिया मिळून हिशेब ठेवणारी कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती. त्यामुळे वाद झाला तो मतांचा, आणि मतांच्या वादात ज्याचा आवाज आणि मान मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते. रिडलींना २००० साली नाइटहूड मिळाले, तोवर कृत्रिम भिंग ही रोजची बाब होऊन गेली होती आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही ती बसवलेली होती.

ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे राष्ट्रीय नोंदणी. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची देशव्यापी नोंदणी चालू आहे. तिचे महत्त्व आकड्यांनीच सांगावे लागेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे ही सर्वांत भीतिदायक गुंतागुंत. दृष्टी वाचली तर वाचली. पण ती हजारात एखाद-दुसऱ्या, फार तर दोन-तीन डोळ्यांना होते. वर्षाला ५०० शस्त्रक्रिया करणारा, हाताला यश असलेला सर्जन घेतला तरी त्याला असा रुग्ण वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेटणार. शस्त्रक्रियेच्या शेवटी त्याने डोळ्यात प्रतिजैविक सोडायला सुरुवात केली आणि पुढची तीन वर्षे एकही संसर्ग झाला नाही, तर तो औषधाचा गुण की नशीब, हे त्याला आयुष्यभर कळणार नाही. त्याची निष्ठा कितीही असली, हात कितीही सराईत असला, तरी त्याच्या एकट्याच्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर निघूच शकत नाही. तेवढे डोळे एका माणसाच्या वाट्याला येतच नाहीत. स्वीडनमध्ये सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक भिंगाच्या पुढच्या कप्प्यात टोचण्याची पद्धत रुजली आणि नोंदणीने तिचा परिणाम दाखवला. त्यानंतर युरोपातील मोतीबिंदू शल्यचिकित्सकांच्या संघटनेने नऊ देशांत सुमारे १६,००० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे हे इंजेक्शन न दिलेल्यांमध्ये संसर्गाचा धोका सुमारे पाचपट होता. पाचपट फरक, आणि तरीही कोणत्याही एका डॉक्टरच्या नजरेला तो दिसणार नव्हता.

दुर्मिळ आजारांचेही असेच असते. ब्रिटनमध्ये १९९७ पासून नेत्रतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या, छत्राखाली एक निरीक्षण केंद्र चालते. त्याची पद्धत सुरू झाली तेव्हा अगदी साधी होती: देशातल्या प्रत्येक वरिष्ठ नेत्रतज्ज्ञाला दर महिन्याला एक कार्ड पोस्टाने जाई. कार्डावर मोजक्या दुर्मिळ आजारांची यादी आणि प्रत्येकासमोर एक चौकट. गेल्या महिन्यात असा रुग्ण पाहिला असेल तर खूण करायची आणि कार्ड परत पाठवायचे. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती अशी की काहीच पाहिले नसेल तरी तसे कळवायचे असते. न पाहिल्याची खबर आल्याशिवाय, गप्प बसलेल्या डॉक्टरकडे रुग्णच नव्हता की कार्ड टेबलावरच्या ढिगाऱ्यात गाडले गेले, हे उमगत नाही. महिन्यामागून महिने ‘नाही’ ही एकच खूण करून कार्ड पाठवत राहणे, यात ना कीर्ती ना पैसा. असे ‘नाही’ इमानाने कळवणारे शेकडो सभासद असणे, हीच माझ्या लेखी सशक्त संघटनेची खूण.

अधिवेशनांवर मी वर थोडी टीका केली, तेव्हा त्यांच्यातल्या एका भागाबद्दल चांगलेही लिहायला हवे. अनेक संघटनांच्या अधिवेशनात फसलेल्या शस्त्रक्रियांचे एक सत्र असते, आणि गर्दी सर्वांत जास्त तिथेच होते. पडद्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असते. फेकोची, म्हणजे अतिध्वनी लहरींच्या यंत्राची, सुई भिंगाचा कठीण गाभा फोडत असते, तुकडे एकेक करून ओढले जात असतात, सगळे सुरळीत आहे असे वाटत असतानाच डोळ्याचा पुढचा कप्पा क्षणभर खोल जातो आणि बाहुलीच्या मागची लाल आभा एका जागी अधिकच स्वच्छ दिसू लागते. सभागृहातल्या जाणकारांना तेवढे पुरे होते. एक दबका हुंकार उठतो. भिंगाची मागची पातळ पिशवी फाटलेली असते. सूत्रसंचालक चित्रफीत थांबवतो आणि समोरच्यांना विचारतो, ‘इथे तुम्ही काय कराल?’ पहिल्या रांगेतला कोणी म्हणतो, सुई लगेच बाहेर काढू नका. आधी दुसऱ्या हाताने कप्पा चिकट द्रवाने भरा, मगच काढा. चित्रफीत पुढे सरकते. पडद्यावरच्या सर्जनने घाईने सुई काढलेली असते आणि उरलेला गाभा हळूहळू डोळ्याच्या तळाकडे बुडताना सगळ्यांना दिसतो. तो सर्जन स्वतः व्यासपीठावर उभा असतो, बहुतेकदा नावाजलेला, पिकल्या केसांचा. मागच्या रांगांत बसलेले शिकाऊ डॉक्टर वहीत भराभर उतरवून घेत असतात. ज्या धंद्यात प्रत्येकाची भाकरी त्याच्या हाताच्या लौकिकावर अवलंबून आहे, त्या धंद्यातल्या माणसाने प्रतिस्पर्ध्यांच्या भरल्या सभेत आपला पडलेला डाव दाखवावा, हे त्याच्या दवाखान्यात किंवा वर्तमानपत्रात कधी घडणार नाही. ते इथे घडू शकते, कारण संघटनेने तेवढी सुरक्षित जागा राखलेली असते.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९१६ साली नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे परीक्षा मंडळ स्थापले ते तिथल्या वैद्यकातल्या कोणत्याही विशेष शाखेचे पहिले मंडळ होते. त्याआधी चष्म्याच्या काचांची पेटी आणि थोडा धीटपणा जवळ असलेला कोणीही स्वतःला नेत्रविशारद म्हणवून घेऊ शकत असे. आपल्या बिरादरीत कोणाला घ्यायचे हे ठरवताना दाराशी चाळणी लावणे आणि दारच बंद करून घेणे यांतला फरक फार बारीक असतो, आणि दुसरीकडे झुकण्याचा मोह प्रत्येक संघटनेला होतो. तोंडी परीक्षेचा दिवस जवळून पाहिलेल्याला आणखी एक गोष्ट आठवत राहते: बाहुल्या विस्फारणारे थेंब घातलेले, सकाळपासून एकामागून एका उमेदवाराचा झगझगीत प्रकाश सोसत बसलेले रुग्ण. त्यांचा सत्कार कोणत्याही पदवीदान समारंभात होत नाही, तो व्हायला हवा.

आता मार्गदर्शक सूचना. संघटनेच्या कामातला हा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती मूत्रपिंडासारख्या आपल्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) आणि संधिवाताच्या रुग्णांना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. काहींच्या दृष्टिपटलाला त्याने इजा होते, ती भरून येत नाही, आणि रुग्णाच्या लक्षात येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. किती मात्रा सुरक्षित आणि तपासणी कधीपासून, हे अमेरिकन अकादमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ठरवून सांगत आली. जुनी शिफारस अशी होती की रुग्णाचे आदर्श वजन धरून दर किलोमागे रोज ६.५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. धोका एकंदरीत विरळाच मानला जाई. २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून अधिक काळ हे औषध घेतलेल्या २,३६१ रुग्णांपैकी सुमारे ७.५ टक्क्यांमध्ये इजेची चिन्हे आढळली, आणि ती आढळली कारण जुन्या साधनांना न दिसणारे बदल नव्या तपासण्यांनी टिपले. मात्रेचा हिशेब आदर्श वजनावरून करण्यापेक्षा प्रत्यक्ष वजनावरून केला तर धोक्याचा अंदाज अधिक अचूक येतो, हेही त्यातून निघाले. २०१६ साली अकादमीने आपलीच आधीची शिफारस बदलली: प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत, सुरुवातीला एक तपासणी, आणि इतर धोके नसतील तर पाच वर्षांनंतर दर वर्षी. शिवाय आशियाई वंशाच्या रुग्णांमध्ये इजा पीतबिंदूच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) नेहमीच्या वर्तुळाबाहेर सुरू होते, तेव्हा त्यांचे दृष्टिक्षेत्र अधिक रुंद तपासावे, अशी भर त्यात पडली.

या चार ओळींमागे किती बैठका झाल्या असतील याची कल्पना अशा समितीत बसलेल्यालाच येते. कोणाचा आग्रह असतो की मात्रा आणखी खाली आणा. संधिवाततज्ज्ञ म्हणतात, डोळा वाचवताना मूत्रपिंड गमावू नका. कारण दुसऱ्या बाजूलाही धोका आहे: तपासणीत जरासा संशय येताच नेत्रतज्ज्ञाने औषध बंद करायला सांगितले आणि ल्युपस उसळला, असेही घडते. म्हणूनच २०२१ साली नेत्र, संधिवात आणि त्वचा या शाखांच्या अमेरिकन संघटनांनी एकत्रित निवेदन काढले आणि दुखणे सांभाळणाऱ्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय, अपुऱ्या पुराव्यावर औषध थांबवू नये, असे बजावले. आपण दहा वर्षांपूर्वी जे लिहिले ते आता पुरेसे नाही, असे छापील कबूल करणे व्यक्तीला जड जाते. संघटनेला ते जमते, कारण मसुद्याखाली कोणा एकाचा अहंकार सही करून बसलेला नसतो. निदान बसू नये अशी अपेक्षा असते.

कमी करा असे सांगणे हे तर त्याहून अवघड. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त, ईसीजी वगैरे तपासण्यांचे अख्खे बाड करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. २००० साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १९,००० शस्त्रक्रियांची विभागणी केली गेली; निम्म्यांआधी या तपासण्या नेमाने केल्या, निम्म्यांआधी नाही. वैद्यकीय गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हींत सारखेच निघाले, दर हजारी ३१ च्या आसपास. २०१३ साली अकादमीने आपल्या सभासदांना सांगितले की ठोस वैद्यकीय कारण नसेल तर या तपासण्या करू नका, आणि त्याच यादीत विषाणूंमुळे आलेल्या डोळ्यांना प्रतिजैविकाचे थेंब देऊ नका असेही सांगितले. रीत अजून मोडलेली नाही. पुरावा एका बाजूला आणि सवय, भीती व प्रयोगशाळेचे उत्पन्न दुसऱ्या बाजूला, अशी ही लढत आहे. संघटनेच्या हातात फक्त कागद असतो. तरीही तो कागद असल्यामुळे अनावश्यक तपासणी टाळणाऱ्या डॉक्टरला उद्या कोणी जाब विचारला तर पाठीशी काहीतरी असते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो अर्धवट सोडू नये. संघटनेची अधिवेशने वर्गणीवर चालत नाहीत. औषधे, भिंगे आणि यंत्रे विकणाऱ्यांच्या दालनांच्या भाड्यावर ती बऱ्याच अंशी उभी असतात. वक्त्याने भाषणाआधी आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावेत असा नियम आहे, आणि तो पाळलाही जातो: पहिली चौकट पडद्यावर येते, बारीक अक्षरांत कंपन्यांची नावे असतात, आणि दुसरे नाव वाचून होईतो ती निघून जाते. पीतबिंदूच्या ऱ्हासावरील इंजेक्शनांच्या बाबतीत हा प्रश्न उघड्यावर आला. आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब हे औषध २००५ सालापासून काही नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात टोचून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष अधिवेशनात मांडले. डोळ्यासाठी खास तयार केलेले त्याचे भावंड, रॅनिबिझुमॅब, पुढच्या वर्षी मान्यता घेऊन आले, आणि अमेरिकेत दोघांच्या दर इंजेक्शनच्या किमतीत सुमारे चाळीसपट अंतर होते. दोन्ही औषधे एकाच कंपनीची, तेव्हा त्यांची थेट तुलना करण्यात तिला रस असण्याचे कारण नव्हते. ती तुलना अमेरिकेत सरकारी पैशातून झाली आणि २०११ साली पहिल्या वर्षाचे निष्कर्ष आले. दृष्टीवरचा परिणाम सारखाच होता. मोठ्या कुपीतून लहान मात्रा वाटून घेताना जंतुसंसर्ग होऊन काही रुग्णांचे डोळे गेल्याच्या घटनाही याच काळात घडल्या, तेव्हा स्वस्त औषध सुरक्षित रीतीने कसे वाटावे हे ठरवून देण्याचे काम संघटनांकडे आले. आपल्या दालनांचे भाडे भरणाऱ्याला न रुचणारी सूचना संघटना किती स्पष्ट भाषेत लिहिते, यावरून मी तिची पारख करतो. काही संघटनांनी स्पष्ट लिहिले. काहींची वाक्ये इतकी गुळगुळीत होती की त्यांवरून कोणीही घसरावे.

संघटना सभागृह सोडून गेली, अशीही एक घटना आहे, आणि तीही ऑस्ट्रेलियातलीच. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, हा रोग श्रीमंत देशांतून हटला असे मानले जात असताना तिथल्या आदिवासी वस्त्यांत तो लोकांना आंधळे करीत होता. १९७६ ते १९७८ या काळात, सरकारी निधी घेऊन पण नेत्रतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महाविद्यालयाच्या (नाव महाविद्यालय, पण ही त्यांची संघटनाच) वतीने, फ्रेड हॉलोज यांच्या नेतृत्वाखाली तपासणीची मोहीम निघाली. महाविद्यालयाचे सभासद आळीपाळीने आपले दवाखाने बंद ठेवून तिच्यात सामील झाले. साडेचारशेहून अधिक वस्त्या पालथ्या घातल्या गेल्या आणि एक लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले, त्यांत सुमारे ६२,००० आदिवासी होते. प्रत्येकाची पापणी उलटून पाहायची, आतल्या बाजूला पुटकुळ्या किंवा व्रण आहेत का ते नोंदवायचे, आत वळलेल्या पापणीचे केस बुबुळावर घासत आहेत का ते पाहायचे, आणि तिथल्या तिथे उपचार करता येईल तो करायचा. हॉलोज यांनी आदिवासी समाजातल्या माणसांनाच संपर्काला आणि निर्णयालाही सोबत घेतले, म्हणून दारे उघडली.

मोहिमेचा अहवाल १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांचे तक्ते होते, तसेच पाणी, सांडपाणी, घरे आणि माणसांची दाटी यांचेही तपशील होते. कारण मुलांचे तोंड धुवायला पाणी नसेल तर मलम कितीही वाटले तरी खुपरी परत येते, हे पापण्या उलटताना सगळ्यांनीच पाहिले होते. नेत्रतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने नळ बसवता येत नाहीत. ते काम सरकारच्या वेगाने झाले: २००८ साली देशव्यापी पाहणी पुन्हा झाली, तेव्हा दुर्गम वस्त्यांत खुपरी अजून होती आणि आदिवासी प्रौढांतले अंधत्वाचे प्रमाण इतरांच्या सहापट भरले. त्या पाहणीचे नेतृत्व ह्यू टेलर यांनी केले. तीस वर्षांपूर्वी हॉलोज यांच्या मोहिमेत पापण्या उलटणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी ते एक होते.